शहरी रेल्वे आणि सार्वजनिक वाहतुकीतील नवे तंत्रज्ञान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेट्रो, उपनगरी रेल्वे, ट्राम आणि बस यांच्याविषयी जे लिहिले जाते त्यात गाडीचा कमाल वेग, डब्यांची रचना आणि उद्घाटनाची तारीख यांवरच बहुतेक भर असतो. रोज प्रवास करणाऱ्याला मात्र फरक जाणवतो तो दोनच गोष्टींत : फलाटावर किती वेळ ताटकळावे लागले आणि आलेल्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळाली की नाही. पुढील उत्तरांत प्रत्येक नव्या तंत्राकडे मुख्यतः याच बाजूने पाहिले आहे.

चालकविरहित गाडी म्हणजे नेमके काय? ही गोष्ट खरोखरच नवी आहे का?

रेल्वेच्या परिभाषेत स्वयंचलनाच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. पहिल्या श्रेणीत गाडी चालकच चालवतो आणि यंत्रणा त्याच्या वेगावर फक्त लक्ष ठेवते. दुसऱ्या श्रेणीत गाडी आपोआप वेग घेते व आपोआप थांबते, पण दरवाजे बंद करून निघण्याची आज्ञा चालक देतो. तिसऱ्या श्रेणीत चालक नसतो, तरी एखादा प्रशिक्षित कर्मचारी गाडीत असतो. चौथ्या श्रेणीत गाडीत कोणीही कर्मचारी असण्याची गरज उरत नाही. वर्तमानपत्रांत या सगळ्यांनाच सरसकट ‘चालकविरहित’ म्हटले जाते आणि त्यातून गैरसमज होतात.

यातले काहीच काल-परवाचे नाही. लंडनची व्हिक्टोरिया लाइन १९६८ मध्ये सुरू झाली तेव्हापासून दुसऱ्या श्रेणीवर धावते. जपानमधील कोबे येथील पोर्ट लाइनर १९८१ पासून आणि फ्रान्समधील लील शहराची मेट्रो १९८३ पासून चालकाविना धावत आहे. नवे आहे ते हे तंत्र मोठ्या, गर्दीच्या आणि काही ठिकाणी शंभर वर्षे जुन्या मार्गांवर येऊ लागणे. दिल्ली मेट्रोच्या मजेंटा मार्गावर डिसेंबर २०२० मध्ये अशी सेवा सुरू झाली.

मधल्या श्रेणींमध्येही कल्पकता असते. लंडनच्या एलिझाबेथ लाइनवर गाडी शेवटच्या स्थानकातून रिकामी होऊन पुढच्या साइडिंगमध्ये, म्हणजे गाडी उभी करण्याच्या बाजूच्या रुळावर, जाते, तेव्हा ती स्वयंचलनावर असते. तेवढ्या वेळात चालक सुमारे दोनशे मीटर लांबीच्या गाडीतून आतल्या आत चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये पोहोचतो. गाडी थांबवून, उतरून, फलाटावरून चालत जाण्यात जो वेळ गेला असता तो वाचतो, आणि त्याच वेळात पुढची फेरी बसते.

गाडीत चालक नसेल तर रुळांवर कोणी पडले किंवा काही आडवे आले तर काय होते?

सर्वाधिक वापरला जाणारा उपाय म्हणजे फलाटाच्या कडेला काचेची भिंत आणि तिच्यात गाडीच्या दरवाजांसमोरच उघडणारे दरवाजे. लेनिनग्राडच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) मेट्रोत असे बंद फलाट १९६१ मध्येच बांधले गेले होते. जर्मनीतील न्युरेम्बर्गने २००८ मध्ये चालकविरहित मार्ग सुरू करताना वेगळी वाट निवडली. तेथे फलाटावर भिंत नाही. रुळांवर कोणी उतरले किंवा मोठी वस्तू पडली तर संवेदक ते टिपतात आणि येणारी गाडी थांबवतात.

माझे मत विचाराल तर जेथे गर्दी दाट आहे तेथे भिंतीला पर्याय नाही. संवेदक माणूस पडल्यानंतर जागा होतो, भिंत मुळात त्याला पडूच देत नाही. शिवाय एका अपघातानंतर संपूर्ण मार्ग तासभर खोळंबतो, तोही टळतो.

दोन गाड्यांमधील वेळ तंत्रज्ञानाने कमी कसा होतो?

पारंपरिक पद्धतीत रूळमार्गाचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडलेले असतात. तुकड्यात गाडी आहे की नाही हे रुळांतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावरून, म्हणजे ट्रॅक सर्किटवरून कळते. गाडीचे शेवटचे चाक तुकड्याबाहेर जाईपर्यंत तो संपूर्ण तुकडा व्यापलेला मानला जातो. गाडी त्यात नुकतीच शिरली आहे की बाहेर पडण्याच्या बेतात आहे, हे यंत्रणेला ठाऊक नसते. त्यामुळे मागच्या गाडीला गरजेपेक्षा बरेच जास्त अंतर ठेवावे लागते.

नव्या पद्धतीत गाडी आपले स्थान आणि वेग रेडिओवरून सतत कळवत राहते. चाकांच्या फेऱ्या मोजून ती किती पुढे आली हे काढले जाते आणि रुळांमध्ये बसवलेल्या खुणांवरून जाताना त्या हिशेबातली चूक दुरुस्त होते. नियंत्रण यंत्रणा मागच्या गाडीला सांगते की, तुला अमुक ठिकाणापर्यंत जाता येईल. आणि पुढची गाडी सरकेल तसतशी ही मर्यादाही पुढे सरकते. सुरक्षिततेचे अंतर जणू गाडीच्या मागे सावलीसारखे चालत राहते. मेट्रोच्या जगात ही यंत्रणा ‘सीबीटीसी’ (कम्युनिकेशन्स-बेस्ड ट्रेन कंट्रोल) या आद्याक्षरांनी ओळखली जाते. लांब पल्ल्याच्या आणि उपनगरी मार्गांसाठी युरोपात ‘ईटीसीएस’ (युरोपियन ट्रेन कंट्रोल सिस्टिम) ही भावंड-यंत्रणा आहे. दिल्ली–मेरठ दरम्यानच्या ‘नमो भारत’ गाड्या ऑक्टोबर २०२३ पासून धावू लागल्या, तेव्हा तेथे ईटीसीएसचा संवाद एलटीई, म्हणजे फोर-जी मोबाइलच्या तंत्रावरच्या जाळ्यावरून चालेल अशी रचना करण्यात आली.

व्हिक्टोरिया लाइनवर नवे सिग्नलिंग आणि नव्या गाड्या आल्यावर २०१७ पासून गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या, म्हणजे दर १०० सेकंदांना एक गाडी सोडली जाऊ लागली. त्यासाठी बोगदा रुंद करावा लागला नाही, की नवा रूळ टाकावा लागला नाही.

मग दर मिनिटाला एक गाडी का सोडता येत नाही?

कारण गाडी धावताना जेवढा वेळ वाचतो तो थांबल्यावर हातचा जातो. सिग्नलिंग कितीही आधुनिक असले तरी पुढची गाडी फलाट सोडत नाही तोवर मागची आत येऊ शकत नाही, आणि फलाट कधी सुटणार हे शेवटी दरवाजात उभ्या असलेल्या माणसांवर ठरते.

साधा हिशेब करू. समजा, एखाद्या मार्गावर गाडी ३० सेकंद थांबते आणि दोन गाड्यांमध्ये किमान ९० सेकंद लागतात. म्हणजे तासाला ४० गाड्या. सर्वांत गर्दीच्या एकाच स्थानकावर थांबण्याचा वेळ ३० चा ४५ सेकंद झाला, तर किमान अंतर १०५ सेकंदांचे होते आणि तासाला ३४ गाड्याच निघतात. सहा गाड्या गेल्या. गाडीत दीड हजार माणसे मावत असतील तर तासाला नऊ हजार प्रवाशांची जागा गेली, आणि तीही एका स्थानकावरच्या पंधरा सेकंदांमुळे.

एकदा संध्याकाळच्या गर्दीत एका अदलाबदलीच्या स्थानकावर मी खांबाला टेकून हे सगळे घड्याळ लावून पाहिले होते. दरवाजे बंद होऊ लागले तेवढ्यात एका तरुणाच्या पाठीवरची पिशवी दरवाजाच्या दोन झडपांमध्ये अडकली. दरवाजे उघडले. उघडले म्हणून आणखी दोघे धावत येऊन आत शिरले, आणि त्यांच्यातल्या दुसऱ्याचा खांदा बाहेरच राहिला. पुन्हा उघडले. या सगळ्यात २१ सेकंद गेले. मागची गाडी बोगद्यात उभी राहिली, तोवर तिच्यासाठी फलाटावर अधिक माणसे जमली, म्हणून ती अधिक वेळ थांबली. आणि पाचवी गाडी येईपर्यंत हा उशीर वाढतच गेला होता. त्या तरुणाचा काही दोष होता असे मला वाटत नाही. आपली गाडी सुटली तर पुढची केव्हा येईल याचा भरवसा ज्याला नसतो, तो धावतच येणार.

म्हणूनच अलीकडच्या गाड्यांमध्ये रुंद दरवाजे, दरवाजांजवळ मोकळी जागा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आतून सलग जाता येतील असे डबे आणि कोणत्या डब्यात गर्दी कमी आहे ते फलाटावरच दाखवणारे फलक दिसतात. सिग्नलिंगवरील खर्चाच्या तुलनेत हे उपाय किरकोळ वाटतात, पण त्यांच्यावाचून तो खर्च पुरता वसूल होत नाही.

जुना मार्ग चालू ठेवून तो स्वयंचलित करता येतो का?

येतो, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण पॅरिसचे आहे. तेथील पहिल्या क्रमांकाचा मार्ग १९०० सालचा, शहरातील सर्वांत जुना. त्यावर रात्री सेवा बंद असताना फलाटांच्या कडा पक्क्या करून दरवाजे बसवण्यात आले. नोव्हेंबर २०११ पासून चालक असलेल्या आणि नसलेल्या गाड्या एकाच मार्गावर एकामागोमाग धावत होत्या आणि २०१२ च्या अखेरीस सर्व गाड्या चालकविरहित झाल्या. सेवा दीर्घकाळ बंद ठेवावी लागली नाही. चालकांशी आधी बोलणी करून त्यांना इतर मार्गांवर आणि इतर कामांवर सामावून घेतले गेले. या कामाचे मला सर्वाधिक कौतुक वाटते ते याच भागासाठी.

उलट बाजूही आहे. एलिझाबेथ लाइनवर एकाच गाडीला तीन वेगवेगळ्या सिग्नलिंग यंत्रणांशी बोलावे लागते : मधल्या बोगद्यात एक, पश्चिमेकडे दुसरी, पूर्वेकडे तिसरी. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायचा हा मार्ग मे २०२२ मध्ये सुरू झाला, आणि या विलंबामागे स्थानकांच्या रखडलेल्या कामांबरोबर गाडी व सिग्नलिंग यांच्या सॉफ्टवेअरचा मेळ बसवण्याचे काम हेही एक मोठे कारण होते. बोगदे वेळेत खणले जातात आणि सॉफ्टवेअर मात्र मागे राहते, हे आता अनेक ठिकाणी दिसू लागले आहे.

नवी यंत्रणाही कधीतरी जुनी होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या भुयारी ट्राममार्गावर १९९८ मध्ये बसवलेले स्वयंचलित नियंत्रण पाच इंची फ्लॉपी डिस्कवरून सुरू केले जाई. ते बदलण्याचे कंत्राट २०२४ मध्ये दिले गेले. रूळ पन्नास वर्षे टिकतो, संगणक तेवढा टिकत नाही. म्हणून कंत्राट करतानाच पुढच्या बदलाचा खर्च धरायला हवा.

यंत्रणा इतकी गुंतागुंतीची झाल्यावर बिघाड शोधायचा कसा?

सिंगापूरच्या सर्कल लाइनवर २०१६ मध्ये गाड्यांचा रेडिओ संपर्क मधूनच तुटू लागला. संपर्क तुटला की सुरक्षिततेसाठी गाडी आपोआप करकचून ब्रेक लावते. कधी या टोकाला, कधी त्या टोकाला, कोणत्याही वेळी हे घडत असे आणि कारण सापडत नव्हते. अखेर सरकारी माहिती-विश्लेषकांनी सर्व घटना एका आलेखावर मांडल्या : एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर स्थानके. बिंदू विखुरलेले दिसत होते, पण नीट पाहिल्यावर ते तिरक्या रेषांत सरकताना दिसले. जणू काहीतरी मार्गावरून पुढे जात होते आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा संपर्क तोडत होते. ती एक गाडीच होती. तिच्या सदोष उपकरणातून निघणाऱ्या लहरींनी शेजारच्या रुळावरच्या गाड्या थांबत होत्या. तिचा स्वतःचा प्रवास मात्र बिनबोभाट चालू होता, म्हणून तिच्यावर कोणाचा संशय गेला नाही.

बिघाड होण्यापूर्वीच तो ओळखण्याचे प्रयत्नही पुढे गेले आहेत. तोक्योच्या यामानोते मार्गावर २०१५ पासून आलेल्या गाड्यांपैकी काहींच्या तळाशी रुळांची स्थिती टिपणारी उपकरणे आहेत. रुळाची तपासणी करणारी खास गाडी काही काळाने एकदा येते, तर प्रवासी गाडी त्याच रुळावरून दिवसातून अनेकदा जाते. एखादा बोल्ट हळूहळू सैल होत असेल तर तो बदल रोजच्या नोंदींतून लक्षात येतो आणि दुरुस्ती रात्री, सेवा बंद असताना करता येते.

ब्रेक लावल्यावर वीज परत मिळते म्हणतात, ती जाते कुठे?

विजेची मोटर ब्रेक लावताना जनित्रासारखी काम करते आणि वीज तारेत किंवा वीज पुरवणाऱ्या तिसऱ्या रुळात परत ढकलते. ती वापरणारी दुसरी गाडी त्याच वेळी जवळपास वेग घेत असली तरच ती कामी येते. अनेक मेट्रोंच्या जुन्या उपकेंद्रांतून ती मुख्य जाळ्यात परत जाऊ शकत नाही आणि उष्णता होऊन वाया जाते. ही उष्णता बोगद्यात साचते. म्हणून आता दोन्ही दिशांनी वीज वाहू देणारी उपकेंद्रे, मार्गालगत साठवण आणि एका गाडीचे निघणे दुसरीच्या थांबण्याशी जुळेल असे वेळापत्रक, हे तिन्ही उपाय केले जात आहेत.

याहून जुना आणि मला फार आवडणारा उपाय मातीतलाच आहे. व्हिक्टोरिया लाइनवरील स्थानके दोन्ही बाजूंच्या बोगद्यापेक्षा किंचित उंचावर बांधली आहेत. स्थानकात शिरताना चढ लागतो, त्यामुळे गाडी आपसूक मंदावते. निघताना उतार मिळतो, म्हणून वेग घ्यायला वीज कमी लागते. यात बिघडण्यासारखे काहीच नाही.

डिझेलऐवजी हायड्रोजन बरा की बॅटरी?

जर्मनीत सप्टेंबर २०१८ मध्ये हायड्रोजनवर चालणारी प्रवासी गाडी नियमित सेवेत आली तेव्हा जगभर तिची चर्चा झाली. पण विजेपासून हायड्रोजन तयार करणे, तो दाबाखाली भरणे आणि गाडीत त्यापासून पुन्हा वीज बनवणे या साखळीत मूळ विजेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच चाकांपर्यंत पोहोचते. बॅटरीत हे नुकसान कितीतरी कमी असते. ज्या राज्याने हायड्रोजनची गाडी प्रथम चालवली त्या लोअर सॅक्सनीनेच २०२३ मध्ये पुढील खरेदीसाठी बॅटरीच्या गाड्या निवडल्या.

जपानमध्ये सुमारे २० किलोमीटर लांबीच्या कारासुयामा मार्गावर २०१४ पासून बॅटरीची गाडी धावते. मुख्य मार्गावर ती तारेखालून जाते, शाखेवर बॅटरीवर चालते आणि शेवटच्या स्थानकात उभी असताना डोक्यावरच्या छोट्याशा तारेतून चार्ज होते. शहराजवळच्या छोट्या शाखांसाठी हीच वाट योग्य आहे असे मला वाटते. आणि जेथे गाड्या वारंवार धावतात तेथे सरळ तार टाकणे हेच आजही सर्वांत किफायतशीर आहे.

तारेविना ट्राम आणि रुळांविना ट्राम यांत काय फरक आहे?

फ्रान्समधील बोर्दो शहराने २००३ मध्ये जुन्या वस्तीतील तारा टाळण्यासाठी रस्त्यात पुरलेल्या रुळातून वीज देणे सुरू केले. ट्राम ज्या तुकड्यावर असेल तेवढ्याच तुकड्यात वीज येते, त्यामुळे रस्ता ओलांडणाऱ्याला धोका नसतो. ही खरी ट्राम आहे, फक्त तार नसलेली.

चीनमधील यीबिन शहरात २०१९ पासून रस्त्यावर रंगवलेल्या रेषेच्या मागे जाणारी रबरी चाकांची लांब गाडी धावते. तिला ‘रूळविरहित ट्राम’ म्हणत असले तरी ती स्वतःची वाट शोधणारी लांब बस आहे. जड चाके रोज त्याच ठिकाणावरून गेल्याने रस्त्याला चर पडतात, म्हणून रस्ता भक्कम करावाच लागतो. राखीव मार्गिका, बाहेरच तिकीट आणि उंच थांबा ही तिची खरी ताकद आहे. आणि ती ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ मध्ये बससाठी राखीव मार्गिका आखल्या आणि पुढे नळीच्या आकाराचे थांबे उभारले, तेव्हाच सिद्ध झाली होती.

सर्व बस विजेवर चालवणे शक्य आहे का?

चीनमधील शेनझेन शहराने २०१७ च्या अखेरीस आपल्या सुमारे १६,००० बस विजेवर आणल्या. बस विकत घेणे हा त्यातला सोपा भाग असतो. आगारात पुरेशी वीज आणणे, चार्जिंगसाठी जागा काढणे, आणि कोणती बस केव्हा चार्जिंगला लावायची हे फेऱ्यांच्या वेळापत्रकात बसवणे, ही कामे आधी झाली नाहीत तर नव्या बस आगारातच उभ्या राहतात आणि थांब्यावरची रांग वाढते.

तिकिटाच्या पद्धतीत काय बदलले?

फाटकावर टेकवून भाडे भरण्याचे हाँगकाँगचे ऑक्टोपस कार्ड १९९७ चे. लंडनमध्ये बँकेचे साधे कॉन्टॅक्टलेस कार्ड २०१२ मध्ये बसवर आणि २०१४ मध्ये भुयारी रेल्वेवर चालू लागले. त्यात खरी गंमत दर मोजण्यात आहे : दिवसभरात किंवा आठवडाभरात ठरलेल्या कमाल रकमेपेक्षा जास्त पैसे कापलेच जात नाहीत. पूर्वी पास स्वस्त पडे, पण तो आगाऊ घ्यावा लागे. ज्याच्या हातात महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी पैसे नसत, तो गरीब माणूस रोज महाग तिकीट काढत राही. हा अन्याय एका साध्या हिशेबाने दूर झाला, आणि त्याची चर्चा मात्र फार कमी होते.

मॅग्लेव गाड्या शहरांत का दिसत नाहीत?

मॅग्लेव गाडी चुंबकाच्या जोरावर मार्गापासून किंचित उचललेली धावते, आणि ही चुंबकीय उचल अतिवेगात कामाची आहे. एक-दीड किलोमीटरवर स्थानक असेल तर गाडीला तो वेग गाठताच येत नाही. जपानमधील लिनिमो ही मॅग्लेव गाडी २००५ पासून कमी वेगाने धावते, पण असे मार्ग थोडेच आहेत, कारण चालू असलेल्या रुळांशी त्यांचा सांधा जुळत नाही.

या यंत्रणांवर सायबर हल्ला होऊ शकतो का?

होऊ शकतो, पण धोका नेहमी नव्या यंत्रणेतच असतो असे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमध्ये वीसच्या आसपास गाड्या अचानक थांबल्या. तेथील जुन्या ध्वनी-रेडिओवर तीन ठरावीक स्वर एकापाठोपाठ वाजले की जवळच्या सर्व गाड्यांना आणीबाणीचा ब्रेक लागतो, आणि त्या संदेशाला कसलेही कुलूप नव्हते. साध्या रेडिओवरून कोणीही तो पाठवू शकत होता. गाड्या थांबल्या, कोणी जखमी झाले नाही, कारण शंका आली की थांबायचे हाच रेल्वेचा मूळ नियम आहे.

चाकाच्या खुर्चीवरून प्रवास करणाऱ्यांसाठी काय बदलते आहे?

फलाट आणि डब्याची जमीन एकाच पातळीवर आणणे, आणि उरलेली फट दरवाजाखालून सरकत बाहेर येणाऱ्या फळीने भरून काढणे, हा आता नव्या मार्गांचा पाया मानला जातो. वळणावरच्या जुन्या फलाटांवर हे अवघड जाते, कारण सरळ डबा आणि वाकडी कड यांच्यात मधोमध किंवा टोकाला फट राहतेच. जेथे ती भरली जाते तेथे खुर्चीवरच्या प्रवाशाला आधी फोन करून मदतनीस बोलवावा लागत नाही. तो येतो आणि सरळ आत जातो. त्याच दरवाजातून बाळाची गाडी ढकलणारी आई, चाकांची बॅग ओढणारा प्रवासी आणि काठी टेकत येणारे आजोबाही न अडखळता चढतात, आणि दरवाजे वेळेवर बंद होतात.